काळ्या मातीचा पंडुरोग

गणपतीला रोज एक तांबडे फूल असावे म्हणून आईने गच्चीवर जास्वंदीची कुंडी ठेवली आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या जास्वंदीची पाने पिवळी पडू लागली. पिवळी म्हणजे पिकून गळायला आलेली नव्हेत. खालची जुनी पाने चांगली हिरवीगार, आणि शेंड्याकडची कोवळी पाने मात्र हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी; त्यांवर हिरव्या शिरांची जाळी तेवढी उठून दिसे. आईचे निदान तत्काळ झाले. "त्याला लोखंड कमी पडतंय. चार गंजके खिळे पुरून ठेव."

मी मराठीचा प्राध्यापक. खिळ्यांशी माझा संबंध आला तो छापखान्यातल्या खिळ्यांपुरता, आणि आता तेथूनही ते हद्दपार झाले आहेत. पण आईची आज्ञा. शिवाय आमच्या घरात जुन्या पेट्या-फडताळांमुळे गंजक्या खिळ्यांना तोटा नाही. चार कशाला, चांगले मूठभर पुरले. एक महिना गेला, दोन गेले. पाने पिवळी ती पिवळीच.

अशात एके दिवशी आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कोर्टाच्या कामासाठी शहरात आले. अंबड तालुक्यात त्यांची मोसंबीची बाग आहे. चहा घेत गच्चीवर उभे असताना त्यांची नजर कुंडीकडे गेली आणि हातातला कप तसाच राहिला. "सर, ही तर आमच्याच बागेची बहीण दिसतीय," ते म्हणाले. ते हसत होते, पण त्या हसण्यात काही जीव नव्हता.

दाजींच्या बागेचा इतिहास मला ठाऊक होता. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या मोसंबीच्या बागा जळाल्या, शेतकऱ्यांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे तोडून सरपणाला घातली. त्या साली ताईच्या बांगड्या मोडून दाजींनी टँकरने पाणी आणले आणि बाग वाचवली. पुढे २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्यांनी आम्हां सर्वांना पेढे पाठवले होते. आणि अशी दुष्काळाला पुरून उरलेली बाग २०२१ च्या धो धो पावसाळ्यानंतर पिवळी पडू लागली! पाणी नव्हते तेव्हा हिरवी राहिली आणि पाणी उदंड झाले तेव्हा पिवळी पडली. दाजींनी माती तपासून आणली. अहवालात लोहापुढे शेरा होता, "कमी". त्यांनी आळ्यांतून हिराकस टाकली. उपयोग झाला नाही. कुणा दुकानदाराने महागडी बाटली गळ्यात मारली. तिचाही उपयोग झाला नाही. आता दिवाळीनंतर कुऱ्हाड लावावी, असे त्यांच्या मनाने घेतले होते. जाताना जिन्यात थांबून ते म्हणाले, "एवढं एक तुमच्या कॉलेजातल्या शास्त्रवाल्यांना विचारा सर. काळ्या रानात लोखंड कमी, हे माझ्या डोक्यात शिरत नाही."

माझ्याही शिरेना. मग मी आमच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठले. पुढचे काही दिवस मधल्या सुटीतला चहा त्यांच्याबरोबर झाला, दोन-चार पुस्तकेही चाळली, आणि जे हाती लागले ते इतके नवलाचे होते की वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

पहिली गोष्ट ही, की दाजींची शंका अगदी बरोबर होती. काळ्या रानात लोह कमी नाहीच. वेरूळचे कैलास लेणे ज्या काळ्या पाषाणात कोरले आहे, त्याच जातीच्या दगडाची युगानुयुगे झीज होऊन आमची काळी माती झाली. त्या दगडात लोहाची संयुगे वजनाने दशांशाच्या आसपास, किंबहुना थोडी अधिकच असतात. मातीतही किलोमागे चाळीस-पन्नास ग्रॅम लोह सहज सापडावे. उलट झाडाची गरज किती? एक किलो वाळलेल्या पानांत शंभर मिलिग्रॅमच्या आसपास लोह असले तरी झाडाचे भागते. म्हणजे कोठारात हजारो मण धान्य आणि खाणाऱ्याला हवी ओंजळभर. तरीही तो उपाशी!

माती परीक्षणाच्या अहवालात जो आकडा असतो, तो या कोठाराचा नसतोच. तो असतो "उपलब्ध" लोहाचा, म्हणजे झाडाच्या मुळाला उचलता येईल अशा लोहाचा. तो किलोला साडेचार मिलिग्रॅमच्या खाली गेला की "कमी" असा शेरा पडतो. पन्नास ग्रॅम कोठे आणि साडेचार मिलिग्रॅम कोठे! दहा हजारांतला एक भाग हाताशी, बाकीचे सारे कुलपात.

हे कुलूप म्हणजे गंज. हवेतल्या प्राणवायूने लोहाचा गंज होतो आणि गंज पाण्यात विरघळत नाही. माती आंबट असली तर थोडातरी विरघळतो. पण आमची माती चुनखडीची. आंबटपणा मोजण्याचे जे माप आहे त्याला शेतकीखात्याची मंडळी "सामू" म्हणतात. सात हा आकडा समतोल, त्याखाली आम्लता, त्यावर अल्कता. मराठवाड्यातल्या पुष्कळ काळ्या जमिनींचा सामू आठाच्या पुढे जातो. आणि सामू एका अंकाने चढला की गंजाची विरघळण्याची शक्ती हजारपटीने घटते. दहापट नव्हे, हजारपट! कोकणातल्या जांभ्या दगडाच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत हा प्रश्न सहसा येत नाही. भातखाचरात पाणी साचून हवा तुटली की तेथे लोह उलट इतके मोकळे होते की कधी कधी भाताला ते बाधते.

आता माझे खिळे का फसले हे वेगळे सांगायला नको. ज्याला आधीच गंजाचे अजीर्ण झाले आहे त्या मातीत मी आणखी गंज पुरला होता! दाजींच्या हिराकशीची गत तीच. हिराकशीतले लोह मूळचे विरघळणारे खरे, पण चुनखडीच्या मातीत पडले की थोड्याच दिवसांत त्याचाही गंज होतो. पैसे मातीत गेले, हा वाक्प्रचार मी वर्गात अनेकदा समजावून सांगितला आहे. त्याचा इतका शब्दशः अर्थ मला तेव्हाच कळला.

मग प्रश्न उरतो तो उलटा. अशा मातीत झाडे मुळात हिरवी राहतात तरी कशी? येथे मुळांची करामत सुरू होते.

पांढऱ्या सदऱ्यावर लोखंडाचा डाग पडला तर आपण काय करतो? लिंबू चोळतो. लिंबातले आम्ल गंज सैल करते. मोसंबी, जास्वंद, तूर, हरभरा, भुईमूग ही सारी झाडे जमिनीखाली नेमके हेच करतात. लोहाची टंचाई जाणवली की त्यांची मुळे भोवतालच्या मातीत आम्ल सोडू लागतात, त्याच्या जोडीला गंज सोडवणारी आणखी काही द्रव्ये पाझरवतात. मग मुळाच्या सालीवरच गंजातल्या लोहाचे रूप पालटून ते हिराकशीतल्या लोहासारखे केले जाते, आणि अशा पालटलेल्या लोहालाच मुळाचे दार उघडते. हे दार कोणते, ते १९९६ साली सापडले. मोहरीच्या कुळातल्या एका क्षुद्र तणातले एक जनुक, लोह घेता न येणाऱ्या यीस्टच्या पेशीत घातले. आणि ती उपाशी पेशी लोह घेऊन वाढू लागली. शास्त्रज्ञांचे डोके कोठे चालेल सांगता येत नाही.

गवताच्या कुळातली पिके, म्हणजे ज्वारी, बाजरी, गहू, मका, ऊस, यांची रीत मात्र निराळी. ती आम्लाच्या भानगडीत फारशी पडत नाहीत. त्यांची मुळे एक द्रव्य मातीत सोडतात. ते गंजातल्या लोहाला खेकड्याच्या नांग्यासारखे पकडते आणि लोहासकट मुळात परत येते. गड्याला बाजारात पाठवावे आणि त्याने पिशवी भरून घरी यावे, तसा हा प्रकार. ताकागी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९७६ साली ओट आणि भात यांच्या मुळांच्या धुवणात हे द्रव्य असल्याचे दाखवले. पुढे जवाच्या मुळांतून ते शुद्ध स्वरूपात मिळाले, म्हणून त्याला नाव पडले म्युजिनेइक आम्ल. जपानीत "मुगी" म्हणजे जव. आणि गंमत पाहा, जवाची मुळे हे द्रव्य दिवसभर सोडत बसत नाहीत. सूर्य उगवला की पुढच्या काही तासांत काय ते सोडायचे आणि परत बोलवायचे. सकाळच्या पाण्याच्या नळासारखे त्यांचेही वेळापत्रक ठरलेले आहे!

सगळी गवते सारखी उदार नसतात. जव सर्वांत सढळ हाताचा. ज्वारी आणि भात हात आखडता घेणारे. म्हणून चुनखडीच्या रानात ज्वारीही पिवळी पडते, आणि उसाच्या खोडव्याची कोवळी पाने पांढुरकी-पिवळी होतात. शेतकरी त्याला "केवडा पडला" म्हणतात. रोगाला इतके सुगंधी नाव दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असे मला वाटत नाही. चीनमध्ये असे आढळले आहे की चुनखडीच्या जमिनीत एकटा पेरलेला भुईमूग पिवळा पडतो, पण मक्याच्या ओळींशेजारी पेरला तर हिरवा राहतो. मक्याच्या मुळांनी सोडवलेल्या लोहातला वाटा शेजाऱ्यालाही मिळतो. आमच्याकडे ज्वारीत तूर आणि बाजरीत मटकी पेरणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांच्या मनात हे होते असे मी म्हणणार नाही. पण ऐकून बरे वाटले.

दाजींच्या बागेचे कोडेही येथे सुटते. मोसंबीचे शस्त्र आम्ल. पावसाने आळी तुडुंब भरली, माती कोंदली, मुळांच्या श्वासातला कर्बवायू बाहेर पडेना. तो पाण्यात मिसळून चुनखडीला विरघळवू लागला. असे चुनखडीचे पाणी मुळाभोवती साचले की मुळाने सोडलेले आम्ल त्यातच जिरून जाते. लिंबाच्या सरबतात चुन्याची निवळी ओतावी, तसे. दुष्काळात बाग तहानलेली होती, पण तिच्या मुळांना हवा होती. माझ्या कुंडीला तर मी बारा महिने बोअरचे पाणी घालत होतो. ज्या पाण्याने आमच्या गिझरमध्ये पांढऱ्या खपल्या धरतात तेच पाणी!

येथे एक प्रश्न मी सहकाऱ्यांना विचारला. लोह एवढे दुर्मिळ, तर झाड मिळेल तेव्हा भरपूर घेऊन का ठेवत नाही? ते म्हणाले, "विस्तव आहे तो. चुलीत असला तर स्वयंपाक, पदरात पडला तर घर जळेल." पेशीतले मोकळे लोह प्राणवायूच्या संयुगांशी झटून अशी दाहक द्रव्ये निर्माण करते की त्यांत पेशीच्या भिंती आणि जनुके होरपळतात. म्हणून झाड लोहाला मोकळे फिरू देत नाही. वाटेत त्याच्याबरोबर सोबती देते, आणि जादा झालेले लोह फेरिटिन नावाच्या पोकळ गोळ्यांत कोंडून ठेवते. अशा एका गोळ्यात साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. आणि पुरेसे झाले की मुळाचे दार बंद! हे दार फार चोखंदळ नाही. लोहाबरोबर जस्त, मँगनीज, इतकेच काय, कॅडमियमसारखे विषारी धातूही त्यातून शिरतात. असे उपरे फार होऊ लागले तर मूळ ते दारच उखडून आत ओढते आणि मोडून टाकते.

दार उघडायचे की नाही हे एकट्या मुळाच्या हाती नसते; पानांचा निरोप यावा लागतो. वाटाण्याचा एक बिघडलेला वाण आहे. अंगात लोह मावेनासे झाले, पाने करपू लागली, तरी तो घेतच राहतो. त्याचा शेंडा निरोगी मुळावर कलम केला, तर ते निरोगी मूळही हावरे होते. वरून निरोपच चुकीचा येतो, मूळ बिचारे काय करणार? संसारातही पुष्कळदा असेच होते, पण तो विषय निराळा.

पानातल्या हरितद्रव्यात लोह नसतेच, हे वाचून मी चकित झालो. त्याच्या मध्यभागी असते मॅग्नेशियम. पण ते हरितद्रव्य घडवायला लोह लागते. म्हणून लोह नसले की हिरवा रंगच उतरतो. आणि एका पानात बसलेले लोह सहसा दुसऱ्या पानाला मिळत नाही, म्हणून पिवळेपणा दिसतो तो नव्या पालवीवर. नत्र कमी पडले तर उलट जुनी पाने आधी पिवळी पडतात, कारण झाड त्यांतले नत्र काढून शेंड्याला देते. जस्त कमी पडले तर पाने बारकी राहतात. गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ खिळे वाचतील.

युरोपात एके काळी झाडाच्या या पिवळेपणाला आणि तरुण मुलींच्या पंडुरोगाला एकच नाव होते, "क्लोरोसिस". मुलींना लोहाची औषधे देत. १८४० नंतरच्या काही वर्षांत ग्री नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी पिवळ्या झाडांना लोहक्षाराचे पाणी देऊन पाहिले, आणि झाडे हिरवी झाली.

हे वाचताना मला आमच्या धाकटीची आठवण झाली. बारावीच्या वर्षी ती जिना चढताना धापा टाकू लागली म्हणून रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टर म्हणाले, यात नवल नाही. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायका-मुलींची हीच कथा आहे. लोहाने भरलेल्या या पठारावर पानेही पिवळी आणि लेकीही पिवळ्या! आणि दुखणेही एकाच वळणाचे. अन्नातले लोह बहुतेक आपल्यालाही तसेच उचलता येत नाही. पोटातले आम्ल ते सैल करते, आतड्याची कड त्याचे रूप पालटते, मग दार उघडते; लिंबू पिळले तर काम सोपे होते आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर बिघडते. आजोबांच्या काळी हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून काळी शाई करीत. हिरड्यातल्या तुरट द्रव्यांचे भाऊबंद चहात असतात. भाकरीवर चहा ढोसणारा माणूस आपल्या पोटात लोहाची शाईच करीत असतो म्हणा ना!

मग धान्यातच लोह वाढवता येणार नाही का? नुसते खत ओतून ते फारसे वाढत नाही; झाड मोजूनच घेते आणि दाण्यापर्यंत तर त्यातला थोडाच वाटा पोचवते. पण या मोजमापात वाणावाणांत फरक असतो. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या बाजरीपासून हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत निवडलेला एक वाण १९८८ पासून महाराष्ट्रात पेरला जात होता. त्यातूनच अधिक लोहाची ओळ निवडून २०१२ साली महाराष्ट्रात आणि २०१४ साली देशभर जी बाजरी आली, ती "धनशक्ती". राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा तिच्यात सहभाग होता. किलोला सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह. इतर प्रचलित वाणांत ते ४५ ते ५० असते. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी देण्यात आली, काहींना अधिक लोहाच्या बाजरीची, काहींना साध्या. चार महिन्यांतच पहिल्या गटाच्या शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले.

आमचे शहरही यात मागे नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे पैठण रस्त्यावर संशोधन केंद्र आहे; तेथल्या बाजरीच्या मंडळींनी २०१७-१८ च्या सुमारास ए.एच.बी. १२०० आणि ए.एच.बी. १२६९ हे संकरित वाण दिले. पहिल्यात लोह ७३ मिलिग्रॅम, दुसऱ्यात ९१. नावातला "ए" हा औरंगाबादचा. शहर आता छत्रपती संभाजीनगर झाले, पण बियाण्याच्या पिशवीवर जुने आद्याक्षर तसेच राहिले आहे. आमच्या घरी आता आठवड्यातून चार रात्री बाजरीची भाकरी असते. धाकटी कुरकुरते आणि खाते. गोळ्याही चालू आहेतच. भाकरी म्हणजे औषध नव्हे.

दाजींना मी हे सारे फोनवर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग करू काय ते सांगा." पुढचे काम कृषी विद्यापीठातल्या एका तज्ज्ञांनी बागेत येऊन केले. आधी ओळींमधून चर काढून साचणारे पाणी बाहेर घातले. पाट बंद करून ठिबक लावले. हिराकस सुटी न टाकता शेणखतात मुरवून आळ्यात दिली, म्हणजे खताच्या आश्रयाने ती गंजापासून काही काळ तरी वाचते. आणि नव्या पालवीवर दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम हिराकस या प्रमाणात फवारणी. ती प्रत्येक नवतीला पुन्हा करावी लागते, कारण फवारलेले लोह त्या पानापुरतेच राहते. खुंटाचीही चौकशी झाली. मोसंबीचा डोळा ज्या खुंटावर बांधतात ते मूळ दुसऱ्याच लिंबाचे असते, आणि चुनखडी सोसायची ती त्यालाच. दाजींची बाग रंगपूर लिंबाच्या खुंटावर होती. चुनखडी सोसण्यात तो त्यातल्या त्यात चिवट, म्हणून आशा होती.

सगळी बाग वाचली नाही. उताराच्या खालच्या अंगाची एकोणीस झाडे गेल्या माघात तोडावी लागली. ताई त्या दिवशी रानात गेली नाही. बाकीची हिरवी आहेत, काही अजून फिकट. आंबे बहाराची दोन पोती मोसंबी परवाच दिवाळीसाठी आली.

जास्वंदीची कुंडी मी दसऱ्याच्या आधी बदलली. नव्या मातीत शेणखत आणि चिमूटभर हिराकस. पाणी आता पावसाचे साठवलेले घालतो. जुनी माती उपसताना माझे खिळे निघाले, होते तसेच. त्यांतल्या दोघा-तिघांना मात्र केसासारखी बारीक मुळे घट्ट गुंडाळलेली होती. मी ती सोडवीत बसलो. आईने खिळे उचलले, पदराला पुसले आणि पुन्हा डब्यात टाकले.